नदीवरचा एक दिवस : खानदेशातल्या सहलीचा इतिहास

या मालेचे नेहमीचे श्रोते आजचा विषय पाहून थोडे हसले असतील. फारुकी राजवट झाली, भिल्लांचे उठाव झाले, आणि आज काय, तर सहल! डबा बांधायचा, नदीवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. यात इतिहास कुठला? आमचं म्हणणं असं आहे की यात इतिहास आहे, आणि तो बराचसा लिहिलाच गेलेला नाही. १८८० साली छापलेलं खानदेशचं गॅझेटियर घ्या. त्यात जमीन, सारा, दुष्काळ, पूर, कापूस, जाती, किल्ले असं सगळं आहे. पण इथली माणसं काम नसताना काय करत होती, याला त्यात फारशी जागा नाही. सरकारला माणसाच्या कामाशी मतलब असतो, त्याच्या विश्रांतीशी नसतो.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची खोड जात नाही. अरबीत ‘सहल’ म्हणजे सोपं. आपला सहल शब्द तिकडूनच आला. ज्यात कष्ट नाहीत ते जाणं म्हणजे सहल. याच्या उलट यात्रा. यात्रेत कष्ट असलेच पाहिजेत, नाहीतर पुण्य कसलं? आणि इंग्रजीतला ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ आहे रिकामा वेळ. ॲरिस्टॉटल म्हणतो की आपण काम करतो ते रिकामपण मिळावं म्हणून. आपल्याकडे मात्र ‘रिकामटेकडा’ ही शिवी आहे. अमळनेरला बोरी नदीच्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास अशी माणसं तिथे राहून विचार करत होती. गिरणीच्या पैशातून विचारासाठी रिकामा वेळ विकत घेतला गेला, असं आम्ही त्याकडे पाहतो. गिरणीतल्या कामगाराला मात्र किती वेळ मिळाला, हा प्रश्न उरतोच.

आता नद्या पाहू. तापी पूर्वेकडून पश्चिमेला जाते. पण तिचे काठ उंच, मातीचे, पावसाने चिरलेले. खाली उतरणंच अवघड. थाळनेर, प्रकाशा, चांगदेव ही जुनी ठिकाणं तापीकाठी आहेत खरी, पण खानदेशातली बरीचशी मोठी गावं तिच्या उपनद्यांवर वसली. धुळे पांझरेवर, अमळनेर बोरीवर. जळगाव तर गिरणेपासून काही किलोमीटर अलीकडेच थांबलं. या उपनद्यांचा स्वभाव सारखाच. पावसाळ्यात भीतीदायक, आणि दिवाळीनंतर गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंना रुंद वाळू. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली धुळ्यात नवी पेठ आखली, आजच्या नंबरांच्या सरळ गल्ल्या त्या आखणीतल्या. त्याच धुळ्यात १८७२ च्या पांझरेच्या पुराने घरांची मोठी हानी केली. ज्या नदीची चार महिने धास्ती, तिच्याच पात्रात उरलेले महिने मुलं खेळणार, बाया गोधड्या धुणार, वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागणार. हे पात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं होतं. निदान तसं म्हणायची पद्धत आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

सहल हा शब्द शाळा-कचेऱ्यांबरोबर रुळला. त्याआधी घराबाहेर पडायला देवाची परवानगी लागे. विशेषतः बायकांना. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला नदीवर नेतात. वाजतगाजत, नाचत. घरातली सून एरवी उंबऱ्यावर रेंगाळली तरी बोलणी खाई, ती त्या दिवशी गावाच्या देखत नदीपर्यंत नाचत जाई आणि कुणी काही बोलत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात. वैशाखातलं ऊन आम्ही तुम्हाला सांगायला नको. शेतात तेव्हा काम नसतं, म्हणूनच हा सण तेव्हा आहे. आसोद्याच्या माहेराबद्दल आणि आखाजीबद्दल बहिणाबाईंनी जे रचलं, ते या सुट्टीचं एका कष्टकरी बाईने केलेलं वर्णन आहे. गॅझेटियरला जे सुचलं नाही ते शाळेत न गेलेल्या बाईने नोंदवून ठेवलं. वैशाखातच अमळनेरला बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा भरते. माघात, महाशिवरात्रीच्या सुमाराला, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाला आणि पलीकडे मुक्ताईला गर्दी लोटते. या सगळ्यांना आम्ही सहलीच म्हणतो. कुणाची भावना दुखवायची नाही, पण पाळणे, भेळ, बांगड्या, नदीत पाय सोडून बसणं हे देवदर्शनाइतकंच खरं होतं.

मग रेल्वे आली आणि तिच्यामागे रविवार आला. भुसावळ तर रेल्वेनेच मोठं केलेलं गाव. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, यांनी घड्याळावर जगणारी माणसं तयार केली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० साली, मुंबईत. शेतकऱ्याला ती आजही नाही. त्याच्या बैलाला पोळ्याची आहे.

१९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. धुळ्याच्या माणसाला चाळीसगाव गाठून पुढे पाटणादेवी करता येऊ लागलं. पाटण्याचं जंगल, चंडिकेचं देऊळ, केदारकुंड हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण तिथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तो लेख. तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे, घोटाळा करू नका. दरवर्षी शाळांच्या कितीतरी बस तिथे जातात. मुलं धबधबा पाहतात, डबे खातात. ज्या माणसाने गणित शिकवायला लीलावतीसारखा ग्रंथ लिहिला त्याच्या नावाच्या मठाची ही जागा, हे शिक्षकांनी दोन मिनिटं थांबून सांगावं, एवढीच आमची अपेक्षा. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, आपली ‘पी.जे.’, ती तर कामाला जाणाऱ्यालाही सहलीला निघाल्यासारखं करी. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली.

आता भरीत. यावर आम्ही थोडं जास्त बोलणार आहोत, कारण खानदेशाने सहलीच्या प्रकारात स्वतःची अशी भर घातली असेल तर ती भरीत पार्टी आहे. चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते मोकळं होतं. त्या सुमाराला शेतात काय असतं बघा. कपाशी वेचून झालेली, तिच्या काड्या वाळून बांधावर पडलेल्या. तूर निघाली की तुराट्या. विहिरीला पाणी. बामणोदकडची मोठी, हिरवट-पांढरी वांगी भरात आलेली. हवेत गारवा. म्हणजे जळण फुकट, भाजी स्वस्त, जागा कुणाच्या तरी मळ्यातली. वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात घालायची. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. यातला एकही पदार्थ बाजारातून आणावा लागत नसे, तेल-मीठ सोडलं तर. गरिबालाही पन्नास माणसं जेवू घालता येतील असं हे जेवण आहे. आणि हे बाहेरच होतं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, कारण चव धुराची आहे.

आणखी एक गोष्ट. एरवी चुलीपाशी न फिरकणारे पुरुष भरीत मात्र स्वतः करतात, आणि त्याबद्दल फार बोलतात. कळण्याच्या पुऱ्या लाटायला मात्र घरच्या बायकाच बसलेल्या असतात. सहल कुणाची आणि काम कुणाचं, हे प्रत्येक पंगतीत विचारायला हवं.

हाच प्रश्न जातीच्या बाजूने विचारला की विषय हलका राहत नाही. नदी सगळ्यांची, असं मघाशी म्हटलं. पण पाणवठे वेगळे होते. कुणी वर भरायचं, कुणी खाली, हे ठरलेलं होतं. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे झालं ते त्याच व्यवस्थेविरुद्ध. वाळूत डबा उघडून बसायचं तर पाणी प्यायचा हक्क आधी लागतो. ज्याला तो नव्हता त्याच्यासाठी नदीकाठची मजा हा शब्दच पोकळ होता.

धुळ्यापासून दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे, खाली कुरण आहे. पावसाळ्यात धबधबा, हिरवळ, मोर-लांडोर. धुळेकरांची एका दिवसात होणारी ही ठरलेली जागा. या कुरणात लांडोर बंगला नावाचा जुना विश्रामबंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले असताना ३१ जुलै १९३७ रोजी तिथे मुक्कामाला होते. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसं लांडोर बंगल्यावर येतात. बायका-मुलं, म्हातारी माणसं, सोबत डबे, वर पाऊस. अभिवादन होतं, भाषणं होतात, गाणी होतात, आणि मग लोक झाडाखाली, डोंगराच्या उतारावर बसून जेवतात. काही सुशिक्षित मंडळी याला ‘जत्रा’ म्हणून नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर ओंजळ बुडवता आली नाही, ते सरकारी कुरणात निवांत बसून जेवतात, यात सभेइतकंच राजकारण आहे. खानदेशातल्या सगळ्या सहलींत ही एकच अशी, जिची तारीख आणि कारण दोन्ही पक्की सांगता येतात.

आता पाण्याकडे. पांझरेवर फड पद्धत होती, काही गावांत अजून आहे. नदीत छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. तीन-चारशे वर्षांची ही व्यवस्था शेतीसाठी होती, पण बंधाऱ्यामागे जे पाणी साठे त्यात गावची पोरं पोहायला शिकत. गिरणेचं तसं नाही. वर नाशिक जिल्ह्यात गिरणा धरण १९६९ ला पूर्ण झालं. शेतीला पाणी मिळालं, नाकारायचं कारण नाही. पण खालची नदी तेव्हापासून आवर्तनावर वाहते. म्हणजे पाटबंधारे खात्याने पाणी सोडलं तर नदी आहे. पूर्वी लोक पंचांग बघून नदीवर जात, आता वर्तमानपत्रात आवर्तनाची बातमी बघून जातात.

त्यात वाळू गेली. वाळू म्हणजे फक्त बसायची जागा नव्हती. तीच पाणी गाळत होती, धरून ठेवत होती. उपशाने पात्रात खड्डे पडले. वरून पाणी सारखं दिसतं, पाय टाकला की माणूस डोक्याएवढ्या खोलात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. आईबाप आता नदीवर जाऊ देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. एका पिढीला नदी फक्त पुलावरून दिसते, बांभोरीच्या पुलावरून, गाडीच्या काचेतून.

मग लोक जातात कुठे? जळगावात मेहरूण तलावावर. एकेकाळी शहराला याच तलावाचं पाणी नळाने येई. मेहरूणची बोरं तर तुम्हाला माहीत आहेतच. आज सकाळी तिथे चालणाऱ्यांची रांग असते. जैन हिल्सवर २०१२ साली गांधी तीर्थ झालं, ते पाहण्यासारखं आहे. हायवेला रिसॉर्ट निघाले, तिथे माणशी पैसे भरून ‘शेतातली भरीत पार्टी’ मिळते, बडगी आणि खाट शोभेला ठेवलेली असते. आम्ही त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण घरटी चार माणसांचं तिकीट ज्याला परवडत नाही त्याने रविवारी कुठे बसायचं, याचं उत्तर महानगरपालिकेच्या नकाशात शोधावं लागेल. पुढच्या वेळी आपण तो नकाशा घेऊन बसू. धुळ्याच्या पांझरेचे दोन्ही काठ, देवपूरच्या एकवीरा देवीपासून पुढे, कुणाच्या ताब्यात काय आहे ते एकेक करून पाहू. श्रोत्यांपैकी कुणाकडे त्या काठाचे जुने फोटो असतील तर ते जरूर पाठवावेत.