मोंगीर व भूकंपाची प्रत

ता. १५ जानेवारी १९३४ रोजी भरदुपारी बिहार व नेपाळ या प्रदेशांत जो भूकंप झाला त्यात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी नुकसानीचा नकाशा काढला, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. सीतामढी-मधुबनीपासून पूर्णियापर्यंतच्या पट्ट्यात जमिनीतून वाळू व पाणी उसळले, घरे कलली, खचली. हा पट्टा सोडून दक्षिणेस यावे तो कंपाचा जोर ओसरलेला. आणि आणखी पुढे गंगाकाठी पाहावे तो मोंगीर शहर पार जमीनदोस्त! उत्तरेस काठमांडूचे खोरेही तसेच उद्ध्वस्त झालेले. मग भूकंपाचे मूळ मानावयाचे कोठे? त्या वेळी ते उत्तर बिहारच्या खचलेल्या पट्ट्याखाली मानले गेले. आजचे संशोधक ते पूर्व नेपाळात, मोंगीरपासून दीडशे किलोमीटरांहून दूर दाखवितात.

घोटाळा मापाचा होता. मर्केली प्रभृतींची मापे लोकांस काय जाणवले, कोणत्या भिंती पडल्या, यांवर आधारलेली. ती त्या त्या जागेची मापे होत, भूकंपाची नव्हेत. भूकंपाचे स्वतःचे माप पुढल्याच वर्षी, १९३५ साली, कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी दिले. यंत्राने काढलेल्या रेघेची उंची शंभर किलोमीटर अंतरावर किती भरली असती, हे गणिताने ठरवावयाचे, अशी त्यांची युक्ती. तिचे नाव खगोलशास्त्रातून उसने घेतलेले आहे. ताऱ्याची 'प्रत' म्हणतो तोच तो शब्द. अंक एकाने वाढला की रेघ दसपट होते, आणि बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीसपट. आपली वृत्तपत्रे या प्रतीलाच 'तीव्रता' म्हणतात, ही मोठीच गैरसोय होय.

कारण प्रत एकच असते, तीव्रता गावागणिक निराळी. अंतर वाढेल तसा कंप मंदावतो खरा. परंतु वाटेत मऊ गाळ लागला की तोच पुन्हा फुगतो. मोंगीर अशाच गाळावर वसलेले. २००१ साली कच्छात ७.७ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर, साबरमतीच्या गाळावरील अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. उलट, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अवघा ६.२ प्रतीचा. पण त्याचे मूळ अगदी उथळ, गावांच्या जवळजवळ पायाखालीच. घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड धाबे, आणि वेळ पहाटे चारच्या सुमाराची.