भाकरीचा ताळेबंद

"ज्वारी सुटली आणि तब्येती बिघडल्या" असं आपल्या खानदेशी घरांत नेहमी ऐकू येतं. मी कॉमर्सचा माणूस, उभा जन्म बँकेत गेला. आकडे पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची, डॉ. गोपालन यांची जुनी कोष्टकं काढून बसलो.

शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं १०.४ ग्रॅम, गव्हाच्या पिठात १२.१, पांढऱ्या तांदळात ६.८. उष्मांक तिन्हींत साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे प्रथिनांत गहू ज्वारीच्या पुढेच. मग गेलं काय?

गेला तो उडीद! अमळनेरकडे आमच्या घरी कळण्याची भाकरी असायची. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, असं दळण. हिशेब मांडला तर प्रथिनं १३ ग्रॅमवर जातात आणि कॅल्शियम २५ मिलिग्रॅमवरून ५०, सरळ दुप्पट. धान्यात लायसिन कमी, डाळीत भरपूर. एकाची तूट दुसरं भरून काढतं. आमच्या आज्यांना हा शब्द माहीत नव्हता, पण जोडी बरोबर लावली होती. सोबत शेंगदाण्याची चटणी, मेथीची नाहीतर अंबाडीची भाजी.

नुसत्या ज्वारीचं कौतुक मात्र मला मान्य नाही. ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा रोग दिसे. त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी असावा, असं याच गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं. आणि ७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो आठवतेय ना? तीही ज्वारीच होती. नुसतं नाव काढलं तरी माझ्या वयाची माणसं तोंड वाकडं करतात.

सुरतेत भाकरी सुटली ती काही हौसेनं नाही. लूमवर बारा तासांची पाळी, डबा पहाटे भरायचा. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, पोळी मऊ राहते. इथला सुरती माणूस ज्वारी खातो ती हिवाळ्यात पोंक म्हणून, चैनीची. रोजच्या पिशवीत गहू-तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असे भाव ठरले. डाळ त्यात नव्हतीच. ज्वारीची जागा गव्हानं घेतली, उडदाची कुणीच नाही. पोळी आणि बटाट्याची भाजी, एवढाच डबा घेऊन कोसाडहून कामावर जाणारी पोरं मी रोज बघतो.

आमच्याकडे आता किलोभर गव्हात पाव किलो उडीद टाकून दळून आणतात. प्रथिनं साडेचौदा ग्रॅम. पोळी जरा काळपट होते, नातवंडं कुरकुरतात. पण चटणी दिली की खातात.