हिवतापाची गोळी आणि गालावरचा चट्टा

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ‘हिवताप’ हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही. काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब आणि क्लोरोक्विनची कडू गोळी गावोगावी परिचयाची आहे. याच जातीची गोळी ल्यूपस या अगदी वेगळ्या रोगावरही चालते. ती तिथे कशी पोहोचली?

ल्यूपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. अनेकदा गालांवर व नाकावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. उन्हात तो वाढतो. रुग्णांत तरुण स्त्रियाच अधिक. १८९४ साली लंडनच्या डॉ. पेन यांनी अशा चट्ट्यांवर क्विनीन वापरून पाहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या हाती गेले, क्विनीन मिळेनासे झाले आणि दोस्त सैनिकांना मेपॅक्रिन हे कृत्रिम औषध दिले जाऊ लागले. १९५१ मध्ये डॉ. फ्रान्सिस पेज यांनी ते ल्यूपसच्या रुग्णांना दिले. बहुतेकांचे चट्टे ओसरले. पण मेपॅक्रिनने कातडी पिवळी पडे. म्हणून क्लोरोक्विन व नंतर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आले. गुण येत होता, कारण मात्र ठाऊक नव्हते.

कारणाचा धागा दुसरीकडे सापडला. विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारे प्रथिन सोडते. हे इंटरफेरॉन आयझॅक्स व लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये शोधले. १९७९ मध्ये ते ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तातही आढळले. विषाणू नसताना ही हाकाटी कशासाठी? पुढील संशोधनातून उलगडा झाला. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. त्यांतील डीएनए व आरएनए प्रतिपिंडांना चिकटून संरक्षक पेशींच्या आम्लयुक्त पिशव्यांत शिरतात. तिथले ग्राहक-रेणू त्यांना विषाणूचे समजतात, इंटरफेरॉन सुटते आणि त्वचेत दाह पेटतो.

क्लोरोक्विन आम्लारी आहे. आम्ल असेल तिथे ते साठते. हिवतापाचा परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन आम्लयुक्त पिशवीतच पचवतो. तिथे साठून ते परजीवीला मारते. आपल्या पेशींच्या पिशव्यांत साठून ते ती चुकीची ओळख रोखते. वर्गातल्या आम्ल-आम्लारीच्या धड्याला याहून चांगले उदाहरण कोणते?

फाल्सिपेरम परजीवी क्लोरोक्विन बाहेर फेकायला शिकला. म्हणून त्यावर आता आर्टेमिसिनिनयुक्त औषधे देतात. ल्यूपसमध्ये असा शिकणारा शत्रू नाही. तिथे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आजही पायाभूत औषध आहे. मात्र ते वजनानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि डोळे तपासत राहूनच घ्यायचे. इंटरफेरॉनचा ग्राहकच अडवणाऱ्या ॲनिफ्रोलुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते फार महाग आहे.

मे महिन्याच्या उन्हात तेंदूपाने तोडणाऱ्या एखाद्या बाईच्या गालावर चट्टा उठला, तर तो वांग किंवा उन्हाचा डाग समजून सोडून दिला जाऊ शकतो. सोबत सांधे दुखत असतील, बारीक ताप राहत असेल, तर तिला दवाखान्यात जायला सांगा. हा रोग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. औषध स्वस्त आणि जुने आहे. प्रश्न वेळेवर शंका येण्याचा आहे.