प्रौढांमधील अतिसार

चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा पातळ शौचास होणे, यास अतिसार म्हणतात. बोलीभाषेत जुलाब, ढाळ किंवा हगवण हे शब्द रूढ आहेत. मळात रक्त व चिकट आव पडत असल्यास त्या विकारास आमांश हे वेगळे नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसारावर स्वतंत्र अध्याय आढळतो. दोन आठवड्यांच्या आत थांबणारा अतिसार तीव्र, तर चार आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा जीर्ण मानला जातो.

कारणे

तीव्र अतिसार बहुधा दूषित अन्न-पाण्यातून होतो. नोरोव्हायरस, ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, पटकीचे जंतू, तसेच जिआर्डिया व अमीबा हे त्याचे नेहमीचे कारक होत. प्रौढांमध्ये औषधांचाही विचार करावा लागतो: मधुमेहावरील मेटफॉर्मिन, मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्तनाशके आणि प्रतिजैविके यांमुळे जुलाब होऊ शकतात.

पाण्याचा ऱ्हास

निरोगी प्रौढाच्या आतड्यात दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातील सुमारे २ लिटर खाण्यापिण्यातला असतो. उरलेला लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचक स्रावांचा. जवळजवळ सर्व पाणी आतडी परत शोषून घेतात. हे शोषण बिघडले किंवा स्राव वाढला की पाण्याबरोबर सोडियम व पोटॅशियमही वाहून जातात. पटकीच्या तीव्र रुग्णात ही हानी तासाला १ लिटरपर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी मृत्यू ओढवतो तो मुख्यतः या निर्जलीकरणाने. म्हणून जुलाब थांबवण्यापेक्षा गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार होय.

जलसंजीवनी

आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत येते. पटकीतही ही यंत्रणा शाबूत राहते. नुसत्या पाण्याने जे साधत नाही ते साखर-मिठाच्या पाण्याने साधते, ते यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाईन अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम बव्हंशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांचा मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार १ लिटर द्रावणात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पुडी न मिळाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे (चहाचे) साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मीठ अंदाजाने वाढवणे धोक्याचे असते. ओआरएसशी मिळतेजुळते नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत साखर फार व क्षार कमी असू शकतात. ती जलसंजीवनीची जागा घेत नाहीत. मधुमेही रुग्णांनीही साखरेच्या भीतीने जलसंजीवनी टाळू नये, मात्र रक्तशर्करा तपासत राहावी.

आहार व औषधे

उपास करण्याची गरज नसते. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक, केळे चालते. तेलकट पदार्थ व मद्य टाळावे. प्रतिजैविके बहुतेक रुग्णांना लागत नाहीत, तरी ती सर्रास घेतली जातात. लोपरामाइडने शौचाची वारंवारता कमी होते. परंतु ताप किंवा मळात रक्त असल्यास ते घेऊ नये. मूत्रल, रक्तदाबाची काही औषधे व मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी निर्जलीकरण झाल्यास ती तात्पुरती थांबवावीत का, हे डॉक्टरांना विचारावे. वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यामुळे त्यांना आठवणीने पाणी पाजावे लागते.

वैद्यकीय मदत

मळात रक्त, जास्त ताप, पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, उभे राहताना चक्कर, लघवी फार कमी होणे किंवा ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. शिरेवाटे सलाईन द्यावे लागू शकते. जीर्ण अतिसाराची तपासणी निराळी असते. त्यात दुग्धशर्करा न पचणे, सीलिॲक रोग, आतड्यांचा दाह, थायरॉइडचा अतिस्राव आणि भारतात विशेषतः आतड्यांचा क्षयरोग यांचा शोध घेतला जातो.