सिंदखेड राजाची २५ मिनिटं

सिंदखेड राजाचे फोटो मोबाइलवर शोधून पाहा. बहुतेक फोटोंत राजवाड्याचं तेच उंच प्रवेशद्वार, तेच निळं आकाश आणि तेच टळटळीत ऊन असतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी लोक येतात ते दिवसाउजेडी. जिजाऊंचं दर्शन घेतात, दरवाज्यासमोर सेल्फी काढतात आणि लोणार किंवा शेगावच्या वाटेला लागतात. १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजीराव जाधवांच्या या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, त्यामुळे दर १२ जानेवारीला तर इथे पाय ठेवायला जागा नसते. माझा आग्रह आहे तो त्या गर्दीनंतरच्या एका छोट्या वेळेचा. सूर्य मावळायच्या आधीची साधारण २५ मिनिटं.

संध्याकाळचं ऊन सोनेरी दिसतं, फोटोला लाइक जास्त मिळतात, हे खरंच. पण माझं कारण त्याहून रुक्ष आहे, ते भूमितीचं आहे. अंगणातल्या फरसबंदीवर एक मिलिमीटर उंचीचा उंचवटा आहे असं समजा. सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असताना त्याची सावली जेमतेम अर्धा मिलिमीटर पडते. सूर्य ५ अंशांवर उतरला की तीच सावली ११ मिलिमीटरची होते. म्हणजे छिन्नीचा घाव, झिजलेली पायरी, बुजवलेला खड्डा अशा दुपारी न दिसणाऱ्या गोष्टी संध्याकाळी वीसपट मोठ्या होऊन समोर येतात. जानेवारीत सिंदखेडला सूर्य ५ अंशांवरून क्षितिजाला टेकायला सुमारे २५ मिनिटं घेतो. शीर्षकातला आकडा तिथून आला.

भिंतीचा हिशेब थोडा वेगळा आहे. भिंत सूर्याकडे तोंड करून उभी असेल, तर मावळतीचं ऊन तिला सरळ समोरून भिडतं आणि ती सपाटच दिसते. ऊन भिंतीला घासत जायला हवं. त्यासाठी महिना निवडावा लागतो, कारण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. सिंदखेडच्या अक्षांशावर जानेवारीच्या मध्यात तो पश्चिमेच्या २३ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनच्या अखेरीस २५ अंश उत्तरेला. हा जवळजवळ ५० अंशांचा झोका आहे. त्यामुळे जी भिंत हिवाळ्यात गप्प असते, ती उन्हाळ्यात बोलू लागते. दगडाला गेलेला उभा तडा, भिंतीला आलेला फुगवटा, जुनं बांधकाम संपून डागडुजी सुरू होते ती रेघ, हे सगळं तेव्हा दिसतं. एकाच भिंतीचे वर्षभरातले चार फोटो म्हणजे तिचा तब्येतीचा अहवालच.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ही युक्ती जुनीच माहीत आहे. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्डने १९२० च्या दशकात विमानातून काढलेल्या फोटोंचा पुरातत्त्वासाठी पद्धतशीर वापर केला. जमिनीवरून चालताना लक्षातही न येणारे प्राचीन खंदक आणि बांध तिरप्या उन्हात वरून स्पष्ट दिसत. अशा जागांना 'सावलीच्या जागा' म्हणायची पद्धतच पडली.

मग जुन्या वास्तूंचे जुने फोटो संध्याकाळचे का नाहीत? अडचण रसायनाची होती. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेला रॉबर्ट गिल पुढे छायाचित्रकार झाला. १८६० च्या दशकात त्याने आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या देवळांचेही फोटो काढले. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर द्रावण लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून, धुऊन मोकळं व्हायचं. शिवाय ते द्रावण निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागं असे, पण तांबड्या-नारिंगी प्रकाशापुढे जवळपास आंधळं. मावळतीचं ऊन म्हणजे नेमका तोच प्रकाश. त्या पिढीच्या कॅमेऱ्यांसाठी सांज जणू नव्हतीच.

आज खिशातल्या फोनला ती सांज दिसते. पण तो ती आपल्याला तशीच देत नाही. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून हा भाग मला जास्त खुपतो. प्रकाश कमी झाला की फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो, ते जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली की चित्रातली रवाळ खरखर एक तृतीयांशावर येते. इथपर्यंत ठीक. त्यानंतर तो सावल्या उजळतो, नारिंगी छटा 'दुरुस्त' करतो आणि उरलेली खरखर पुसून टाकतो. दगडावरचे बारीक घाव आणि खरखर यांत त्याला नेहमी फरक करता येत नाही. मग चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचा हात पुसला जातो आणि भिंत गुळगुळीत होते. ज्या सावलीसाठी आपण थांबलो, तीच जाते.

म्हणून नाइट मोड बंद करा. चित्रातल्या सर्वांत उजळ भागावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स साधारण ५५०० केल्विनवर ठेवा आणि रॉ फाइल घ्या. फोन पिशवीवर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला की हात हलत नाही. तपशिलाचा एक फोटो काढला की लगेच मागे सरून त्याच जागेचा एक रुंद फोटो काढा, नाहीतर हा तडा नेमका कुठला हे वर्षभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी विचारा आणि बंद व्हायची वेळही पाहून ठेवा.

एवढा खटाटोप राजवाड्याच्या दरवाज्यासाठी करायलाच हवा. पण मी म्हणेन, लखुजीरावांच्या समाधीसाठी आधी करा. ही भव्य वास्तू पाहून पहिल्या नजरेत एखाद्या दख्खनी सुलतानाची कबर आठवावी, अशी तिची बांधणी आहे. त्यात नवल नाही. निजामशाहीचे बडे सरदार असलेले लखुजीराव त्याच जगात वावरले होते. ते मधल्या काळात मुघलांकडे गेले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत सासरे मुघलांच्या बाजूला आणि जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूला होते. पुढे ते निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, दरबारात बोलावून त्यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि रघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

दरवाज्याच्या फोटोत जन्म येतो, हत्या येत नाही. जिजाऊंना माहेरच्या त्या चार मृत्यूंपासून वेगळं काढलं, तर उरते ती फक्त कॅलेंडरवरची मूर्ती. राजवाडा आणि समाधी एकाच संध्याकाळी पाहिली, की दरबारी चाकरीत माणसाच्या जिवाची किंमत काय होती ते कळतं, आणि त्या मुलीने पुढे आपल्या मुलासाठी वेगळं काही का मागितलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि ही जागा अजून सांगून संपलेली नाही. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संवर्धनाचं काम चालू असताना जमिनीखाली दगडी मंदिराचे अवशेष लागले आणि त्यातून शेषशायी विष्णूची सुमारे १.७ मीटर लांबीची मूर्ती वर आली. ती लखुजीरावांच्याही कित्येक शतकं आधीची. पिढ्यान् पिढ्या लोक त्या मातीवरून चालत होते.

खोदकाम हे तज्ज्ञांचं काम, तिथे आपण हात घालायचा नाही. आपल्या हातात फोन आहे आणि २५ मिनिटं आहेत. आज जो दगड दरवर्षी केसभर सरकतोय, त्याची नोंद घ्यायला रोज कुणी सरकारी माणूस येणार नाही. पण रोज संध्याकाळी तिथे कुणी ना कुणी फोन उगारून उभं असतंच. त्याने स्वतःची पाठ वास्तूकडे न करता कॅमेरा भिंतीकडे वळवला, सावली सावलीसारखी राहू दिली आणि फोटोवर तारीख-ठिकाण ठेवलं, तर उद्या दुरुस्ती करणाऱ्याला आजची भिंत कशी होती ते दिसेल.