पडकई ते माळीण : उतारावरच्या एका गटाची गोष्ट

व्याख्यान सुरू होण्याआधी चहा पिताना एका तरुणाने मला विचारलं, "सर, गावात हवामानासाठी गट काढायचाय. आधी नोंदणी करू की आधी माणसं जमवू?" मी म्हटलं, थांब, आजचा विषय तोच आहे, फक्त सुरुवात जरा मागून करणार आहे.

सावड आणि इर्जिक हे शब्द तुम्हाला माहीत आहेत. सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. इर्जिक म्हणजे शेजारीपाजारी बैल-औतं घेऊन येतात, एकाचं काम उरकतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी वस्त्यांमध्ये, याच घराण्यातली एक पद्धत आहे : पडकई. शेतीची कामं नसतात तेव्हा काही घरांनी एकत्र यायचं आणि पाळीपाळीने एकेकाच्या उतारावर भाताचं खाचर तयार करायचं. दगड वेचून बांध रचायचा, माती ओढून सपाटी करायची. मजुरी पैशात नाही, फेड हातांनीच.

जुन्नर म्हटलं की आपण नाणेघाट, सातवाहन आणि शिवनेरी सांगतो. सांगावंच. पण या खाचरांचा कुठे शिलालेख नाही, म्हणून ती इतिहासात येत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते. उघड्या उतारावरची माती पावसात वाहून थेट नदीला जाते. खाचर पाणी अडवतं, माती धरतं आणि घराला भात देतं. आज ज्याला हवामानाशी जुळवून घेणं म्हणतात, ते हेच की!

घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि खोऱ्यातली चांगली जमीन पाण्याखाली गेली. मग उरला उतार. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने इथे विस्थापितांबरोबर जे काम केलं, त्यात जलाशयातली मासेमारी सहकारी पद्धतीने विस्थापितांच्या हाती येणं जसं होतं, तशीच पडकईही होती. पुढे शासनानेही पडकई हे नाव घेऊन कार्यक्रम आणला. पैसा आला, हे चांगलंच झालं. गरीब माणसाने फुकट राबावं असं म्हणणारा मी नव्हे.

आणि मग 30 जुलै 2014. बुधवारची सकाळ, आदल्या दिवसापासून मुसळधार पाऊस. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. 151 माणसं गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या.

त्यानंतर आरोप झाला की पडकईच्या नावाखाली यंत्रं लावून डोंगर सपाट केले, म्हणून हे घडलं. इथे मला सावध बोलू द्या. तीव्र उतार, झिजलेल्या खडकावरची जाड माती, अडलेला निचरा आणि प्रचंड पाऊस, अशी कारणं एकत्र येऊन दरड कोसळते. एकट्या यंत्रावर सगळं ढकलता येणार नाही. पण एक फरक पाहा. हाताने खणणारी माणसं दिवसाला थोडंच खणतात, आणि खणताना बोलतात. इथे झरा आहे, इथे नको, खाली घरं आहेत. यंत्र तासाच्या भाड्याने येतं, त्याला ही चर्चा परवडत नाही. माझ्या मते पडकईतली खरी गोष्ट ती चर्चा होती, आणि अनुदानाच्या कागदावर तिला रकाना नव्हता.

पाऊसही आता तो राहिलेला नाही. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आजोबांच्या अंदाजाने बांधलेला बांध या पावसाला पुरेलच असं नाही.

तर त्या तरुणाला माझं उत्तर : आधी माणसं, आणि तीही वरच्या वाडीची आणि खालच्या वाडीची, दोन्ही. वर खणलं की खाली काय होतं हे खालच्यालाच विचारावं लागतं. कुणी किती दिवस दिले याची वही ठेवा, पैशाची वही नंतर येऊ द्या. नोंदणी लागेल तेव्हा करा, अनुदानासाठी ती लागेलच. आणि पहिली बैठक जुलैमध्ये घ्या, छत्र्या घेऊन, डोंगरावर. पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं ते तेव्हाच दिसतं.