सोलापूरची ऊर्जेची कोठारे

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. पण ज्या ऊर्जेवर गावाचे रोजचे काम चालले, तिचाही इतिहास असतो. पदार्थविज्ञान सांगते की, ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ती फक्त रूप बदलते. मग आपल्या सोलापूरने ती निरनिराळ्या काळी कोणत्या कोठारातून घेतली?

पहिले कोठार जोंधळ्याचे. साळी, पद्मशाली, मोमीन कारागीर हातमागावर धोटा फेकीत, ते भाकरीच्या बळावर. भाकरीत उन्हाची ऊर्जा रासायनिक रूपाने साठलेली असते. हे कोठार दर हंगामाला नव्याने भरावे लागे. पाऊस चुकला की ते रिकामे पडे. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याने हे भोगले.

दुसरे कोठार दगडी कोळशाचे. १८६० साली रेल्वे सोलापुरास आली आणि १८७७ मध्ये आपली ‘जुनी मिल’ सुरू झाली. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतींनी साठविलेले ऊनच. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचे झटके एक जड चाक आपल्या फिरण्यात साठवून घेते व यंत्रांना सारखी गती देते. ही गतिज ऊर्जा होय.

तिसरे कोठार उंचावरच्या पाण्याचे. वस्तूच्या स्थितीमुळे तिच्यात साठणाऱ्या ऊर्जेला रँकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये नाव दिले. तिला आपण स्थितिज ऊर्जा म्हणतो. १९८० मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण हे तिचे आपल्या जिल्ह्यातील मोठे उदाहरण. तेथील १२ मेगावॅटच्या वीजगृहातील यंत्र दोन्ही दिशांनी चालू शकते: पाणी खाली येताना वीज देते आणि वीज दिली तर पाणी परत वर चढविते. अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्पही २००८ पासून याच तत्त्वावर चालतो. मागणी कमी असतानाची वीज तेथे पाण्याच्या उंचीत जमा होते.

आता थोडे गणित करू. १ युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल. तेवढ्या ऊर्जेसाठी १०,००० लिटर पाणी सुमारे ३७ मीटर खाली यावे लागते. औष्णिक केंद्रात तेवढीच वीज पाऊण किलोच्या आसपास कोळशातून मिळते. पण जळालेला कोळसा पुन्हा भरता येत नाही. धरण मात्र पावसाने भरते. फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या केंद्राला तर दोन्ही लागतात, रेल्वेने येणारा कोळसा आणि उजनीचे पाणी.

येथेच खरी अडचण आहे. उजनीची क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्याच पाण्यावर ऊस उभा, शहराची तहान भागते आणि वीजही होते. उन्हाळ्यात धरण ‘उणे’ झाल्याचे आपण वाचतो. पातळी उतरते तशी प्रत्येक लिटरमागची ऊर्जाही घटते.

आता छपरांवर सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. व्होल्टाने १८०० मध्ये शोधलेल्या विद्युत घटाची सुधारलेली रूपे दिवसाची वीज रात्रीसाठी रासायनिक रूपात साठवितात. म्हणजे भाकरी, कोळसा आणि बॅटरी ही एकाच कुळातली!

पालकबंधूंनो, मुलांना सूत्रे जरूर पाठ करू द्या. पण एकदा त्यांना उजनीवरही न्या. विद्यार्थी मित्रांनो, दिव्याचे बटण दाबताना विचारा: हे कोणत्या कोठारातून आले, आणि ते पुन्हा कोण भरणार?